चार हजार हेर आणि एक वाट

शिवजयंती आली की नात्यातल्या ग्रुपवर तो मजकूर हमखास येतो. 'बहिर्जी नाईकांची गुप्तहेर बटालियन'! तीन-चार हजार हेर, पाखरांच्या आवाजाची सांकेतिक भाषा, वेषांतर करून थेट औरंगजेबाच्या दरबारात फेऱ्या... मंडळी, रागावू नका, पण हे हेर मोजले कुणी? हजेरीपट कुठे सापडला?

सभासदाची बखर १६९७ ची. महाराजांना जाऊन सतराच वर्षं झाली होती. तिच्यात बहिर्जी मोजक्या ओळींत येतो. पण त्यातली एक हकीकत आपल्या जालन्याची आहे, आणि ती एकाही भाषणात ऐकायला मिळत नाही. (अंबडच्या पोरांना सुरत पाठ, जालना ठाऊक नाही!)

नोव्हेंबर १६७९. मराठ्यांनी चार दिवस जालना लुटलं. परतताना लुटीनं लादलेली जनावरं, चाल मंद, आणि संगमनेरच्या बाजूला रणमस्तखानानं गाठलं. सिधोजी निंबाळकर पडले. मागून मोगलांची आणखी फौज येत होती. तेव्हा बहिर्जीनं आडवाटेनं तीन दिवस, तीन रात्री चालवून महाराजांना आणि लष्कराला पट्ट्याच्या किल्ल्यावर पोचवलं. बस्स, एवढंच. यात पाखरू नाही की दाढीमिशी लावणं नाही. कुठल्या घाटात लादलेला घोडा उतरेल, पाणी कुठे मिळेल, शत्रूची चौकी कुठे नाही, हे अंधारातसुद्धा ठाऊक असणं म्हणजे हेरगिरी. पण ही माघार होती ना! माघारीला टाळ्या पडत नाहीत, म्हणून मग चार हजारांचा आकडा लागतो. अहो, खऱ्या माणसाला झाकायला याहून चांगली युक्ती शत्रूलाही सुचली नसती.

आणखी एक, जे आमच्या काकांना मुळीच आवडणार नाही. जालन्याच्या सावकारांनी आपली चीजवस्तू सय्यद जान महंमद या फकिराच्या ठिकाणी नेऊन ठेवली होती, पीराच्या जागेला कोण हात लावणार म्हणून. तिथंही लूट झाली, असं मोगलांकडचे लेखक लिहितात. मग माल तिथं आहे ही खबर कुणी दिली? ती काही रायगडावर बसून कळणारी नव्हे. पेठेतल्याच कुणीतरी सांगितली असणार, पैशासाठी, धाकानं, नाहीतर जुना दावा काढायला. तो माणूस आपल्याकडचा, आणि ज्याचं गेलं तोही आपल्याकडचाच.