बोटाला होव्हर नसतं हो!

"आमचा डॅशबोर्ड रिस्पॉन्सिव्ह आहे, टॅबलेटवर पण चालतो." हे वाक्य ऐकलं की हल्ली माझं डोकंच सटकतं. चालतो म्हणजे काय, तर चार चार्ट आक्रसून एकाखाली एक बसतात. बाकी सगळा कारभार माउसवाल्यांचाच. आकडा बघायचाय? ठिपक्यावर कर्सर न्या. कर्सर! टॅबलेटवर! अहो, बोट एकतर काचेला टेकलेलं असतं नाहीतर नसतं, मधलं काही नाही. (२०२२ च्या आयपॅड प्रोपासून पेन्सिलला होव्हर आलं, मान्य. पण गोडाऊनमधल्या सुपरवायझरच्या हातात असते का ती पेन्सिल?)

मग पळवाट म्हणून तीच टूलटिप टॅपवर आणतात. जरा हिशेब करू. २०१० च्या पहिल्या आयपॅडची काच १३२ पिक्सेल प्रति इंच. ॲपल सांगतं, दाबायची जागा किमान ४४ पॉइंट हवी, म्हणजे त्या काचेवर साधारण साडेआठ मिलिमीटर. अँड्रॉइडचे ४८ डीपी म्हणजे नऊच्या आसपास. कंपन्या वेगळ्या, बोट तेच! आणि त्या काचेवर आपल्या स्कॅटर प्लॉटचा ६ पिक्सेलचा ठिपका? सव्वा मिलिमीटरसुद्धा नाही. चुकून लागलाच, तर टूलटिप उमटते नेमकी बोटाखाली. घ्या!

उपाय अवघड नाहीत, आपल्याला कंटाळा आहे. ठिपका नेमका दाबायला लावूच नका. चार्टवर कुठेही बोट टेकलं की जवळचा बिंदू पकडा. डी३ मध्ये त्यासाठी व्होरोनॉय आयतं मिळतं. आकडा दाखवा वर, ठरलेल्या जागी. आयफोनचं स्टॉक्स ॲप बघा: एक बोट सरकवलं की त्या वेळचा भाव, दोन बोटं टेकवली की दोन तारखांमधला फरक. हे एका माउसने करून दाखवा बरं!

न्यूयॉर्क टाइम्सच्या आर्ची त्से यांनी तर २०१६ मध्येच सांगितलं होतं, की टूलटिप कोणीच बघणार नाही असं धरून चाला. ते वर्तमानपत्रवाले. आपल्याकडे त्या टूलटिपमागे 'माल संपत आलाय' दडलेलं असतं, आणि सुपरवायझर हिरवा चार्ट बघून निवांत घरी जातो. तो आकडा सरळ चार्टवर छापायला काय जातं आपलं?

आणि हो, पुढच्या डेमोला लॅपटॉप उघडूच नका. टॅबलेट क्लायंटच्या हातात द्या आणि स्वतःचे हात खिशात ठेवा.