विश्लेषण : बांधकामावरील मृत्यू का थांबत नाहीत? ‘तात्पुरत्या’ कामाची जबाबदारी नेमकी कोणाची?

बांधकामाच्या ठिकाणी मजूर दगावले की पुढचा क्रम ठरलेला असतो. ठेकेदारावर गुन्हा दाखल होतो, वारसांना मदत जाहीर होते, चौकशी समिती नेमली जाते आणि काही आठवड्यांत काम पुन्हा सुरू होते. या सगळ्याला ‘दुर्घटना’ म्हटले की जे घडले ते अचानक, कुणाच्याही हातात नसलेले होते असा समज होतो. मात्र पुणे आणि ठाणे जिल्ह्यांत गेल्या काही वर्षांत घडलेल्या मोठ्या घटना शेजारी शेजारी ठेवल्या तर वेगळे चित्र दिसते. लोकांचे जीव गेले ते मुख्यतः बांधकाम सुरू असेपर्यंतच लागणाऱ्या तात्पुरत्या व्यवस्थेमुळे. ही व्यवस्था म्हणजे काय, ती का कोसळते आणि तिची जबाबदारी कोणावर असायला हवी, हे समजून घेऊ.

कोणत्या घटना? नेमके काय पडले?

२९ जुलै २०१६ : पुण्यात बालेवाडी येथे बांधकाम सुरू असलेल्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर काम चालू असताना स्लॅब कोसळला. ९ मजुरांचा मृत्यू झाला.

२९ जून २०१९ : पुण्यातील कोंढवा येथे मध्यरात्रीनंतर एका सोसायटीची सीमाभिंत लगतच्या बांधकामावरील मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली. झोपेत असलेले १५ जण मृत्युमुखी पडले. त्यांत लहान मुलेही होती.

३ फेब्रुवारी २०२२ : पुण्यात येरवड्यातील शास्त्रीनगर येथे पायासाठी बांधलेली लोखंडी सळयांची जड जाळी रात्री मजुरांवर कोसळली. ५ जणांचा मृत्यू झाला.

१ ऑगस्ट २०२३ : ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचे गर्डर बसवणारे यंत्र गर्डरसह मध्यरात्री खाली आले. २० जणांचा बळी गेला.

१० सप्टेंबर २०२३ : ठाण्यात बाळकुम येथील ४० मजली इमारतीत मजुरांना खाली आणणारी बांधकामाची लिफ्ट कोसळली. ७ मजूर दगावले.

२४ ऑक्टोबर २०२४ : भोसरीत मजुरांच्या वसाहतीत उभारलेली पाण्याची टाकी सकाळी फुटून कोसळली. ५ जणांचा मृत्यू झाला.

या सहा घटनांत ६१ जीव गेले. स्लॅबखालचा आधार, सळयांची जाळी पेलणारा आधार, गर्डर उचलणारे यंत्र, बांधकामाची लिफ्ट, वसाहतीतली टाकी यांपैकी काहीही तयार इमारतीत किंवा पुलावर उरत नाही. कोंढव्यात पडलेली भिंत कायमची होती. पण तिच्या पायथ्याशी माणसे झोपली होती, कारण तात्पुरत्या खोल्या तिथे बांधल्या होत्या.

तात्पुरती रचना इतकी धोकादायक का?

स्लॅबचे उदाहरण घेऊ. ओले काँक्रीट घनमीटरला साधारण अडीच टन भरते. म्हणजे १५० मिलिमीटर, सुमारे सहा इंच जाडीचा स्लॅब दर चौरस मीटरला पावणेचारशे किलो वजनाचा होतो. शंभर चौरस मीटरचा स्लॅब भरायला घेतला, तर काही तासांत सुमारे ३७ टन वजन सेंट्रिंगवर चढते. त्यात माणसे, यंत्रे आणि एका जागी ओतलेला काँक्रीटचा ढीग धरलेला नाही. या काळात काँक्रीटला स्वतःची ताकद शून्य असते. सगळा भार खालचे टेकू पेलतात.

टेकू ओळंब्यात नसेल, दोन टेकूंमधले आडवे बांध काढलेले असतील किंवा खालची माती पावसाने भिजून एखादा टेकू दोन सेंटीमीटर जरी खचला, तरी त्याच्या वाट्याचा भार शेजारच्यांवर जातो. ते वाकले की पुढचे वाकतात. म्हणून सेंट्रिंग हळूहळू पडत नाही, एकदम जाते. वर उभ्या असलेल्याला पळायला वेळ मिळत नाही.

काँक्रीट घट्ट दिसू लागल्यावरही धोका टळत नाही. भारतीय मानक आयएस ४५६ नुसार साध्या सिमेंटसाठी साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या स्लॅबखालचे १४ दिवस ठेवावे लागतात. सहा मीटरपेक्षा मोठ्या तुळईखाली ही मुदत २१ दिवसांची आहे. पुढच्या मजल्यासाठी तेच सामान लागणार असते, त्यामुळे ही मुदत कापण्याचा मोह सगळ्यात मोठा असतो.

खोदकामाचेही तसेच. दीड मीटरपेक्षा खोल चराच्या बाजूंना आधार द्यावा किंवा त्या उताराने कापाव्यात, असे खोदकामाच्या सुरक्षेचे मानक सांगते. दीड मीटर म्हणजे साधारण माणसाच्या हनुवटीपर्यंतची खोली. एवढ्याशा खड्ड्याची कुणाला भीती वाटत नाही. पण ओल्या मातीचा एक घनमीटर दीड ते दोन टनांचा असतो. तो अंगावर आला की डोके बाहेर राहूनही छाती दाबली जाते आणि श्वास घेता येत नाही.

उंचीचा हिशेबही सोपा आहे. दहा मीटरवरून, म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबवरून पडणारा माणूस जमिनीवर आदळतो तेव्हा त्याचा वेग ताशी ५० किलोमीटर असतो. डोक्यावरचे हेल्मेट वरून पडणाऱ्या वस्तूपासून वाचवते, या वेगापासून नाही. तिथे कठडा, जाळी आणि पक्क्या जागी अडकवलेला सुरक्षा पट्टाच कामाला येतो.

कायदा काय सांगतो?

कायदा नाही, असे म्हणता येणार नाही. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी १९९६ पासून स्वतंत्र केंद्रीय कायदा होता. त्याखालच्या नियमांत परांची, शटरिंग, खोदकाम, लिफ्ट आणि क्रेन यांच्यासाठी तपशीलवार तरतुदी आहेत. अडचण शिक्षेची होती. सुरक्षेचा नियम मोडल्यास कमाल तीन महिने कैद किंवा दोन हजार रुपये दंड किंवा दोन्ही, एवढीच तरतूद त्या कायद्यात होती. टेकूंचे भाडे एक दिवस वाचवले तरी मोठ्या बांधकामावर याहून जास्त रक्कम सुटते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतील व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने हा कायदा मागे टाकला. कर्तव्यात कसूर झाल्यामुळे मृत्यू ओढवला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे. दंडाची किमान निम्मी रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. बांधकामावर सुरक्षा अधिकारी नेमण्याची मर्यादा ५०० कामगारांवरून २५० वर आली. नियोजन करतानाच कामगारांच्या सुरक्षेचा विचार करण्याचे कर्तव्य आर्किटेक्ट, प्रकल्प अभियंता आणि डिझाइनर यांच्यावरही आहे.

ही सुधारणा खरी आहे. पण चाळीस-पन्नास मजुरांवर चालणाऱ्या कामाला आजही सुरक्षा अधिकारी सक्तीचा नाही. शहराच्या उपनगरांत उभ्या राहणाऱ्या पाच-सात मजली इमारती अशाच कामांत मोडतात.

मग अडते कुठे?

इमारतीच्या कायमच्या सांगाड्याला मालक असतो. आर्किटेक्टचा नकाशा, स्ट्रक्चरल इंजिनीअरची सही, महापालिकेची परवानगी, महारेराची नोंदणी असे सगळे कागद त्या इमारतीचे असतात. ज्या टेकूंवर ती इमारत उभी राहते त्यांचे मात्र अनेकदा साधे रेखाचित्रही नसते. किती फुटांवर टेकू लावायचा, हे सेंट्रिंगचा मिस्त्री अनुभवाने ठरवतो.

त्यात कामाची उतरंड लांब असते. विकासक मुख्य कंत्राटदाराला काम देतो, तो सेंट्रिंग, सळई आणि खोदकाम वेगवेगळ्या उपठेकेदारांना देतो, ते मुकादमामार्फत मजूर आणतात. सेंट्रिंगचा दर बहुतेक ठिकाणी चौरस फुटावर ठरतो. कमी टेकूंत, कमी दिवसांत स्लॅब झाला तर उपठेकेदाराचे चार पैसे सुटतात. निविदा सर्वात कमी दराला मिळणार असेल तर सुरक्षेचा खर्च सगळ्यात आधी कापला जातो, कारण तो कापल्याचे अपघात होईपर्यंत दिसत नाही.

उतरंडीच्या तळाशी असलेला माणूस बहुधा बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल, उत्तर प्रदेश किंवा मराठवाडा-विदर्भातून आलेला असतो. राहणे, उचल आणि उद्याची हजेरी, तिन्ही मुकादमाच्या हातात असतात. जिवाला तातडीचा धोका वाटल्यास मालकाला आणि निरीक्षकाला कळवण्याचा हक्क संहितेने त्याला दिला आहे. पण ‘टेकू हलतोय, मी वर जाणार नाही’ असे म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी काम मिळेल याची हमी कुणी देत नाही. कोंढव्यातल्या खोल्या भिंतीला टेकून बांधल्या गेल्या तेव्हा जागा निवडण्यात तिथे राहणाऱ्यांचे मत कुणी विचारात घेतले असेल, असे मानणे कठीण आहे.

अपघातानंतर गुन्हा दाखल होतो तेव्हा हीच उतरंड आड येते. विकासक कंत्राटदाराकडे बोट दाखवतो, कंत्राटदार उपठेकेदाराकडे आणि उपठेकेदार ‘मजुरांनी काळजी घेतली नाही’ असे सांगतो. टेकू तपासला होता की नाही, याचा कागदच नसल्यामुळे कोणाची चूक हे सिद्ध करायला वर्षे लागतात.

इतर देशांनी यावर काय केले?

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये पूल बांधताना आधाराचे सांगाडे कोसळून माणसे मेली. त्यानंतर नेमलेल्या ब्रॅग समितीने १९७५ मध्ये अहवाल दिला आणि तात्पुरत्या कामाला स्वतंत्र जबाबदार माणूस असावा, अशी पद्धत तिथे रूढ झाली. हा समन्वयक तात्पुरत्या रचनेचे आराखडे तपासून घेतो आणि त्याची लेखी परवानगी असल्याशिवाय तिच्यावर भार टाकता येत नाही. टेकू काढण्याआधीही परवानगी लागते. शिवाय तिथल्या २०१५ च्या नियमांनी काम करवून घेणाऱ्या मालकावरही सुरक्षेची कर्तव्ये टाकली आहेत. ‘मी तर कंत्राट देऊन मोकळा झालो’ असे त्याला म्हणता येत नाही.

यात महागडे तंत्रज्ञान काहीच नाही. एक जबाबदार माणूस, एक तपासणी आणि एक सही, एवढेच आहे.

इथे काय करता येईल?

पहिली गोष्ट, स्लॅब भरण्याआधी, खोल खोदकामात उतरण्याआधी, लिफ्ट किंवा क्रेन सुरू करण्याआधी पात्र अभियंत्याची लेखी परवानगी बंधनकारक करावी. त्या कागदावर त्याचे नाव, तारीख, वेळ आणि तपासणीचे फोटो असावेत. महापालिका जोते तपासणी आणि भोगवटा प्रमाणपत्रासाठी कागद मागतातच, त्यात ही नोंद जोडणे अवघड नाही. कामगार कितीही असोत, हा नियम लागू हवा. कारण वजन मजुरांची संख्या पाहून कमी होत नाही.

दुसरी गोष्ट, सुरक्षेचा खर्च निविदेत वेगळा दाखवावा आणि त्यावर दराची स्पर्धा ठेवू नये. टेकू, जाळ्या, कठडे आणि मजुरांच्या खोल्या यांचे पैसे ठरलेले असतील तर ते वाचवून काम मिळवता येणार नाही. सरकारी रस्ते, पूल आणि मेट्रोच्या कामांपासून याची सुरुवात राज्य सरकारला करता येईल.

तिसरी गोष्ट, मजुरांच्या वसाहतीलाही परवानगीच्या कक्षेत आणावे. भिंतीच्या पायथ्याशी, खोदकामाच्या काठावर किंवा क्रेनच्या टप्प्यात खोल्या नकोत. टाकीचा पाया आणि विजेची जोडणी तपासलेली हवी. कोंढवा आणि भोसरी मिळून २० जण राहत्या जागेत मेले, काम करताना नव्हे.

चौथी गोष्ट, पैसा आहे, तो अपघाताआधी वापरावा. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर कामगार कल्याणासाठी घेतला जातो. राज्याच्या कल्याणकारी मंडळाकडून नोंदीत कामगारांना सुरक्षा संच मिळतो आणि कामावर मृत्यू झाल्यास वारसांना पाच लाख रुपयांची मदत दिली जाते. ती हवीच. पण याच निधीतून तपासणीसाठी अभियंत्यांची फिरती पथके उभी केली, तर काही वारसांना ती मदत मागण्याची वेळच येणार नाही.

मजूर आणि नागरिक काय करू शकतात?

१८ ते ६० वयाच्या आणि आधीच्या १२ महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगाराला कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. ९० दिवसांचा दाखला ठेकेदाराने देणे अपेक्षित आहे. परराज्यातून आलेल्या मजुरांपर्यंत ही माहिती पोहोचवण्यात शेजारच्या सोसायट्या आणि घर घेणारे ग्राहकही मदत करू शकतात.

साइट पाहायला जाणाऱ्या ग्राहकाने सॅम्पल फ्लॅटसोबत आणखी काही बघावे. स्लॅबच्या कडेला कठडा आहे का, लिफ्टच्या मोकळ्या डक्टला अडथळा लावला आहे का, मजुरांच्या खोल्या कुठे आहेत? डोळ्यांना धोका दिसला तर फोटो काढून महापालिकेच्या बांधकाम विभागाकडे आणि कामगार आयुक्त कार्यालयाकडे तक्रार करावी. तातडीचे असेल तर ११२ वर फोन करावा.

शेवटी प्रश्न एका साध्या अधिकाराचा आहे. स्लॅब भरायला गाड्या उभ्या आहेत, काँक्रीट घट्ट होण्याची घाई आहे आणि खाली एक टेकू ओळंब्यात नाही. अशा वेळी ‘थांबा’ म्हणणारा, ज्याचे ऐकावेच लागेल असा माणूस प्रत्येक बांधकामावर हवा. त्याचे नाव अपघातानंतर शोधावे लागू नये, ते आधीच फाटकावरच्या फलकावर लिहिलेले असावे.