गोळीवर खापर कशाला?



गरोदरपणातले बद्धकोष्ठ हा लोहाच्या गोळ्यांचा प्रताप, तेव्हा त्या थांबवाव्यात, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत अर्धेच खरे आहे. गोळीने शौचाला काळे होते, पोट जड वाटते, हे आमच्या पिशोरच्या बायाही सांगतात. (बाळ काळे होईल, ही भीती मात्र निव्वळ गैरसमज!) पण आतडी मुळात मंदावतात ती प्रोजेस्टेरॉनमुळे. हे संप्रेरक गर्भाशयाबरोबर आतड्यांचे स्नायूही सैल करते. जठराच्या तोंडाची झडप ढिली पडते, म्हणून छातीत जळजळ.

आतड्यांतले जिवाणूही पालटतात. फिनलंडमधील ९१ गरोदर स्त्रियांच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या आणि शेवटच्या तिमाहीतले जिवाणू बरेच वेगळे निघाले. शेवटच्या तिमाहीतले जिवाणू जंतुरहित उंदरांत सोडले, तर त्यांच्या अंगावर चरबी अधिक चढली. एरवी याला बिघाड म्हटले असते. इथे ती बाळासाठीची बेगमी असावी.

तेव्हा ज्वारीची भाकरी, पालेभाजी, ताक आणि भरपूर पाणी. मळमळीवर थोडे आले, त्याला आमच्या कन्नड तालुक्यात तोटा नाही. गोळी चहासोबत घेऊ नये. तरी त्रास राहिलाच, तर डॉक्टरांकडून ती बदलून घ्यावी. १८० दिवसांच्या गोळ्या मनाने बंद करू नयेत.

– एक वाचक, पिशोर (ता. कन्नड)