कौल फोडायचे कोणी?

गेल्या आषाढात मावळातल्या एका घरी जेवायला होतो. आम्ही पुरुष पडवीत बसलेलो. पाणी मागायला म्हणून आत डोकावलो आणि डोळ्यांत धूर भरला. चूल साधी नव्हती. मागे वैल आणि वैलामागे सिमेंटचा पाईप असलेली, योजनेतून मिळालेली सुधारित चूल होती. मान वर करून पाहिले. पाईप माळ्यापर्यंत गेला होता आणि कौलांच्या हातभर खाली संपला होता. चुलीचा सगळा धूर वर जाऊन छपराला धडकत होता आणि खाली बसलेल्या बाईच्या डोक्यावर परत उतरत होता.

“पाईप बाहेर का काढला नाही?” मी विचारले.

“कौल फोडलं की पावसाळ्यात गळतंय,” घरधनी म्हणाले. “दर साली कोण चढणार वर?”

वहिनी फुंकणी हातात धरून खोकत होत्या. त्यांना कोणी काही विचारले नव्हते. मीही विचारले नाही. पडवीत परत येऊन मी गरम भाकरी खाल्ली, हे इथे लिहिल्याशिवाय पुढे काही लिहिण्याचा मला अधिकार नाही.

धुराड्याचे शास्त्र अवघड नाही. गरम धूर हलका असतो, म्हणून चढतो, आणि चढताना मागून हवा ओढून घेतो. या ओढीवरच चूल पेटते. पाईप अरुंद असला तर धूर मावत नाही, चुलीच्या तोंडातून बाहेर येतो. फार रुंद असला तर सावकाश चढतो आणि वाटेतच गार होतो. गार झालेल्या धुराची ओढ मरते, त्यातले डांबर आणि काजळी आतून धरत जाते, आणि आधीच जेमतेम असलेली वाट आणखी आवळते. अमेरिका-कॅनडात जुन्या विटांच्या धुराड्याला लाकडाची शेगडी जोडायची झाली, तर आत पोलादी नळी सोडतात. तिची रुंदी शेगडीच्या तोंडाशी जुळवतात आणि तिच्याभोवती न जळणाऱ्या लोकरीचे पांघरूण घालतात. धूर शेवटच्या टोकापर्यंत ऊबदार राहावा म्हणून. ते टोक छपरातून निघते तिथून किमान तीन फूट वर न्यायचे, आणि दहा फुटांच्या आत छपराचा जो काही भाग येईल त्याहून दोन फूट उंच ठेवायचे, असा तिथला दंडक आहे. आपल्याला ती लोकर लागत नाही. चिखलात भाताचे तूस कालवून पाईपाला दोन बोटे जाड लिंपले तरी पुष्कळ काम होते. जन्मभर कणग्या लिंपलेल्या हातांना हे शिकवावेही लागत नाही.

मग अडते कुठे? केंद्र सरकारने 1983 साली सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि 2002 मध्ये थांबवला. मधल्या काळात साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसल्या. उद्दिष्ट बसवलेल्या चुलींचे होते, बसवून झालेल्या चुलीकडे पुन्हा फिरकण्याचे नव्हते. पुढे ओडिशात रेमा हॅना, एस्तेर दुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अभ्यासकांनी धुराड्याच्या चुली मिळालेल्या घरांचा काही वर्षे माग ठेवला. पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासातला धूर घटला. नंतर चुली मोडत गेल्या, वापर कमी झाला, डागडुजी झाली नाही आणि तो फायदा विरून गेला.

डागडुजी आपल्याला येत नाही असे कोणी म्हणू नये. विहिरीवरच्या मोटरीचे वायंडिंग जळाले तर घरचा माणूस त्याच दिवशी तालुक्याला जातो. फटफटीचे ऑइल वेळेवर बदलले जाते. पाईपातली काजळी काढायला वर्षातून दोनदा लांब काठीला चिंध्या बांधून वर चढायचे असते, इतकेच. ते होत नाही, कारण पाईप तुंबला तर मोटर बंद पडत नाही, फक्त बाई खोकते. तो खोकला घराच्या नुकसानीत धरायचा नाही असे आपण सगळ्यांनी मिळून ठरवले आहे. घरातल्या धुराने 2020 या एका वर्षात जगभरात 32 लाख माणसे गेली, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. 2016 पासून उज्ज्वला योजनेतून घरोघर सिलिंडर आले, हे मोठेच काम. पण सिलिंडर भरून आणायला पैसे नसले की त्याच घरात चूल पुन्हा पेटते, त्याच तुटक्या पाईपाखाली.

हे खेड्यातले अज्ञान आहे, असे म्हणून शहरातल्या वाचकाने सुटका करून घेऊ नये. आपल्या न्हाणीघरात जाऊन पाहा. चार बाय सहा फुटांची, आठ फूट उंच खोली. तिच्यात हवा जेमतेम साडेपाच हजार लिटर. भिंतीवरचा सहा लिटरचा गॅस गीझर मिनिटाला त्यातली दोनशे लिटरच्या आसपास हवा खातो. थंडी वाजते म्हणून खिडकी बंद. प्राणवायू घटू लागला की गॅस अपुरा जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोके जड होते, पायांतले बळ जाते आणि हात कडीपर्यंत पोचत नाही. गीझर बाहेर बसवला, किंवा त्याची नळी भिंतीतून बाहेर काढली, तर हे टळते. पण त्यासाठी नवी टाइल फोडावी लागते. टाइलची नक्षी निवडायला आपण चार दुकाने हिंडलेलो असतो, ती कशी फोडणार? गावातल्या माणसाला कौल फोडवत नाही, आपल्याला टाइल फोडवत नाही. आत कोण श्वास घेते आहे याचा विचार दोघांनीही केलेला नाही, आणि आपण तर चार पुस्तके शिकलेलो आहोत.

दसऱ्यानंतर, पाऊस सरल्यावर, मी मावळात परत गेलो. शिडी घरधन्यांनीच धरली. दोन कौले काढून पाईपाला वरून तुकडा जोडला, भोवती पत्र्याची झालर बसवून फटी बुजवल्या. तुसाचा चिखल वहिनींनी कालवला आणि त्यांनीच लिंपला. दोन दिवस वाळू दिला. तिसऱ्या सकाळी आधी पाईपाच्या बुडाशी पेंढ्याची एक मूठ जाळली, ओढ लागावी म्हणून, आणि मग चूल पेटवली. फुंकणी लागली नाही. वहिनी ती हातात तशीच घेऊन अंगणात आल्या, कौलांवरून जाणारा धूर पाहत उभ्या राहिल्या, आणि मोकळ्या हवेतही खोकत राहिल्या.