थकबाकीदारांची यादी चौकात, मग खर्चाची यादी कुठे?

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे, पण घरपट्टी भरणाऱ्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे.

आठ दिवसांपासून आपल्या मुख्य चौकात नगरपरिषदेचा फ्लेक्स लागलाय. घरपट्टी आणि नळपट्टी थकवणाऱ्यांची नावं, पुढे वॉर्ड, पुढे रक्कम. मार्चएंड आला की हे ठरलेलंच. वसुली पथकाची गाडी फिरते, भोंग्यावरून पुकारा होतो, कुणाचं नळ कनेक्शन तुटतं, कुणाच्या गाळ्याला सील लागतं.

आधीच सांगतो, माझा वसुलीला विरोध नाही. नगरपरिषदेला स्वतःचे पैसे येतात ते घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडं आणि बांधकाम परवानगीच्या शुल्कातून. बाकी सगळं शासनाच्या अनुदानावर. जो पट्टी बुडवतो तो शेजाऱ्याच्या पैशावर रस्ता वापरतो. आणि थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला २४ टक्के. बँकेचं गृहकर्ज परवडलं. तेव्हा ज्यांची बाकी आहे त्यांनी भरून टाका, हा फुकटचा सल्ला.

माझा मुद्दा वेगळा आहे. चार हजार रुपये थकले म्हणून एखाद्या टेलरचं नाव चौकात लागू शकतं, तर त्याच चौकात नगरपरिषदेच्या कोट्यवधींच्या खर्चाचा हिशोब का लागू शकत नाही?

जवळपास चार वर्षं आपल्याकडे प्रशासक होते. कुणाला विचारायचं तेच कळत नव्हतं. काम सुचवणारा तोच, मंजूर करणारा तोच, बिल काढणारा तोच. डिसेंबरात निवडणूक झाली. आता सभागृह आहे, नगरसेवक आहेत, आणि नगराध्यक्ष तर आपण थेट मत देऊन निवडलाय. नव्या सभागृहाचं हे पहिलं अंदाजपत्रक. बातमी काय आली? ‘कुठलीही करवाढ नसलेले शिलकी अंदाजपत्रक मंजूर.’ झालं. पेढे वाटले, फोटो निघाले.

या ‘शिलकी’ शब्दाला भुलू नका. पुढच्या वर्षी अमुक अनुदान येईल, तमुक योजना मंजूर होईल, असं धरून जमेची बाजू मोठी दाखवता येते. त्यामुळे आकडा फुगतो. अंदाजपत्रकाच्या पुस्तकात तीन प्रकारचे आकडे असतात. मागच्या वर्षी प्रत्यक्ष काय जमलं आणि काय खर्च झालं, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. भाषणं होतात ती तिसऱ्या आकड्यावर. आपण बघायचा तो पहिला. उद्यानासाठी दरवर्षी तरतूद दाखवायची आणि प्रत्यक्ष खर्चाच्या रकान्यात शून्य, असं असेल तर ते उद्यान फक्त पुस्तकातच हिरवं आहे.

आता ऋतूप्रमाणे बघा. पाडवा झाला, ऊन तापायला लागलं. पाण्याचं काय? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, ते आपण मराठवाड्यातले लोक विसरलेलो नाही. धरणात पाणी कमी असेल तर लोक समजून घेतात. पण नळ कोणत्या दिवशी, किती वाजता सुटणार हे तरी सांगा. धुणीभांडी करणाऱ्या बाया नळाची वाट बघत घरी थांबतात आणि त्यांचा खाडा होतो. तो पैसा कुठल्या अंदाजपत्रकात दिसत नाही, पण जातो त्यांच्याच पदरचा. प्रभागनिहाय वेळापत्रक लावायला कुठली योजना लागते? एक कागद आणि एक व्हॉट्सॲप मेसेज पुरतो.

मग येते नालेसफाई. एप्रिल-मे मध्ये काम निघतं, जूनमध्ये पाऊस येतो. पहिल्या मोठ्या पावसात गाळही वाहून जातो आणि पुरावाही. म्हणून कोणता नाला, किती मीटर, ठेकेदार कोण, रक्कम किती, हे काम सुरू होण्याआधी त्या नाल्यापाशीच लिहून लावलं पाहिजे. तिथे राहणाऱ्या माणसाइतका चांगला इंजिनिअर दुसरा नाही. जेसीबी किती तास चालला हे त्याला बरोबर माहीत असतं.

आणखी एक. नगरपरिषदेने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. मागच्या महिन्यात एका दिव्यांग तरुणाने मला विचारलं, “दादा, याचा अर्ज कुठे मिळतो? शेवटची तारीख कधी असते?” हक्काचा पैसा आहे, पण ज्याच्यासाठी आहे त्यालाच पत्ता नाही. मग मार्चएंडला घाईघाईत साहित्य वाटायचं आणि फोटो काढायचे. माहिती वेळेवर न देणं म्हणजे निधी नाकारण्याचाच एक प्रकार झाला, असं माझं स्पष्ट मत आहे.

यावर दोन उत्तरं ठरलेली असतात.

पहिलं, “सगळं वेबसाइटवर आहे.” अहो, एकदा उघडून तर बघा. जुन्या वर्षाची वाकडी स्कॅन केलेली पानं, मोबाइलवर अक्षर लागत नाही. माहिती अधिकार कायदा २००५ चा. त्यातलं कलम ४ सांगतं की अंदाजपत्रक आणि खर्चाची माहिती कुणी मागायच्या आधी स्वतःहून जाहीर करायची. १५ व्या वित्त आयोगाने तर अनुदानासाठी अटच घातली होती की वार्षिक लेखे ऑनलाइन जाहीर झाले पाहिजेत. म्हणजे दिल्लीच्या पैशासाठी हिशोब टाकता येतो, मग गल्लीतल्या माणसासाठी मराठीत एक पानाचा सारांश का काढता येत नाही?

दुसरं उत्तर, “लोकांनाच यात रस नाही.” हे मला पटत नाही. रस दाखवायला जागा तरी द्या. खेड्यात ग्रामसभा आहे, तिथे माणूस उभा राहून सरपंचाला विचारू शकतो. तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांत वॉर्ड समित्या असाव्यात असं ७४ व्या घटनादुरुस्तीतच लिहिलंय, कागदावर का होईना. आणि आपल्यासारखी मधली गावं? ना ग्रामसभा, ना वॉर्ड समिती. खेड्यापेक्षा जास्त पट्टी भरतो आणि खेड्याइतकाही बोलायचा अधिकार नाही. खरी गोम इथे आहे.

म्हणून नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी साहेबांकडे माझी जाहीर मागणी आहे.

१. थकबाकीदारांच्या फ्लेक्सशेजारी तेवढाच दुसरा फ्लेक्स लावा. वर्षात किती जमा झाले, त्यातले पगार, वीजबिल, पाणी, कचरा आणि रस्ते यांवर किती गेले. दहा ओळी पुरे.
२. पाण्याचं प्रभागनिहाय वेळापत्रक दर आठवड्याला जाहीर करा. बदल झाला तर आदल्या दिवशी कळवा.
३. नालेसफाई आणि रस्त्याच्या प्रत्येक कामाच्या जागी रक्कम, ठेकेदार आणि मुदतीचा फलक लावा.
४. दर तीन महिन्यांनी प्रत्येक प्रभागात नगरसेवकाने एक जाहीर बैठक घ्यावी. शाळेचं पटांगण आहेच, मंडपाचा खर्चही नको.

यात नवा निधी लागत नाही. वाढदिवसाच्या फ्लेक्सला चौकात जागा निघते, तर हिशोबालाही निघेल.

आणि मित्रांनो, आपलंही काम आहे. नुसतं कमेंटमध्ये ‘सगळे चोर’ लिहून भागणार नाही. २०१८ च्या शासनाच्या सूचनेप्रमाणे स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात. त्यात काही कागद मिळाला नाही तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर अपील आहे. अर्जाचा नमुना ज्यांना हवा त्यांनी इनबॉक्सला सांगा, मी पाठवतो.

मार्चएंडची गडबड संपू दे. सोमवारी, ६ एप्रिलला दुपारी ३ वाजता मी नगरपरिषदेत जाऊन अंदाजपत्रकाचं पुस्तक आणि पाणीपुरवठ्याचा मागच्या वर्षीचा खर्च बघणार आहे. भांडायला नाही, वाचायला. ज्यांना यायचंय त्यांनी या. येताना घरपट्टी भरल्याची पावती खिशात ठेवा, म्हणजे कुणी ‘तुम्ही कोण विचारणारे’ म्हणालं तर दाखवता येईल. भरली नसेल तरी या, फक्त आधी खिडकीवर जाऊन भरा.