पत्ते खेळा, पण पैसे खिशातच ठेवा!

मित्रहो, 'पत्ते' हा शब्द काढला की आपल्या होस्टेलवर दोनच प्रतिक्रिया येतात. पोरं म्हणतात, "बस ना, चौथा कमी पडतोय!" आणि रेक्टर सर विचारतात, "कुठल्या रूममध्ये?" मला वाटतं, दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. (कॉन्व्हेंटवाला असल्याने शुद्धलेखन सांभाळून घ्या, मुद्दा मात्र पक्का आहे!)

माझं गाव पेण तालुक्यातलं हमरापूर. आमच्याकडे घरोघरी गणपतीच्या मूर्तींचं काम. एरवी कारखान्यात पाय ठेवायला जागा नसते, पण चतुर्थीला बाप्पा आपापल्या घरी गेले की सगळं रिकामं. मग रात्री जागरण आणि पत्ते! मेंढीकोट, झब्बू, तीन पत्ती... यंदा आम्ही कॉलेजच्या पोरांनी तिथेच पोकरची टूर्नामेंट भरवली. चोवीस खेळाडू, फी शून्य, आणि चिप्स म्हणून चिंचोके नि शर्टाची बटणं.

नियम सोपे. सगळ्यांना सारखे चिंचोके. संपले की उठायचं, पुन्हा मिळणार नाहीत. डावाच्या आधी दोघांनी सक्तीने ठेवायची रक्कम, म्हणजे ब्लाइंड, ठराविक वेळाने वाढत जाते, त्यामुळे नुसतं बसून राहताही येत नाही. रात्री नऊला बसलो ते पहाटे पाचला उठलो. मी सातवा आलो. जिंकली बारावीतली एक मुलगी! बक्षीस : एक नारळ आणि मोदकांचा डबा.

आता थोडं गणित. पोकरमध्ये हातात दोन पत्ते येतात. दोन्ही एक्के येण्याची शक्यता २२१ डावांत एकदा. आठ तासांत आमचे जेमतेम दोनशे डाव झाले असतील. म्हणजे रात्रभर बसूनही ती जोडी सरासरी एकदासुद्धा येत नाही! 'चांगले पत्ते येऊ देत, मग बघतो' म्हणणारा ब्लाइंड भरता भरताच संपतो. ती मुलगी जिंकली, कारण वाईट पत्ते ती न कुरकुरता टाकून देत होती, आणि समोरचा कधी थापा मारतोय हे ओळखत होती. प्रॉबॅबिलिटीच्या लेक्चरला झोपणाऱ्यांनी एकदा असं खेळून बघावं.

मग पैसे लावले तर काय बिघडलं? हा खरा प्रश्न. सुप्रीम कोर्टाने १९६८ मध्ये रमीला कौशल्याचा खेळ म्हटलं आणि तीन पत्तीला निव्वळ नशिबाचा. "पोकरपण स्किलच आहे रे" हे वाक्य आपल्याकडे तिथूनच येतं. असेल स्किल! पण खेळवणारा प्रत्येक डावातून आपला कट काढतो, त्याचं काय? दहा जणांचे मिळून हजार रुपये धरा. प्रत्येक वेळी सगळे पैसे मधे आले आणि पाच टक्के कट गेला, तर वीस वेळांनंतर दहा जणांत मिळून उरतात सुमारे ३५८ रुपये. बाकीचे कोणाच्या स्किलने गेले?

हे नुसतं कागदावरचं नाही. आमच्या विंगमधल्या एकाने मोबाईलवर खेळून परीक्षेची फी घालवली होती. घरी सांगायची हिंमत नव्हती. शेवटी विंगने वर्गणी काढली. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, मग ते स्किलचे असोत वा नशिबाचे. मला ते योग्यच वाटतं. पण कायदा ॲप बंद करतो, खाज बंद करत नाही. ती आता रूमचं दार लावून, दहा-वीस रुपयांच्या नोटांवर भागवली जाते.

म्हणून रेक्टर सरांना नम्र विनंती. गॅदरिंगमध्ये बुद्धिबळ आणि कॅरमच्या जोडीला पोकरची एक टूर्नामेंट ठेवा. मेस हॉलमध्ये, उघड्यावर, सरांच्या समोर. फी नाही, रोख बक्षीस नाही. आणि पोरांनो, "पैसे नाहीत तर मजा काय?" असं वाटत असेल, तर तुम्हाला पत्ते आवडतात की पैसे, हे एकदा स्वतःला विचारून बघा.

चिंचोके मी आणतो. गावाकडे भरपूर आहेत!