ढेप आपली, कडबा आपला, मग दूध संघ कोणाचा?



१९९१ साली दुधाचा धंदा परवान्यातून सुटला. सुटला ते बरेच झाले. खाजगी डेअऱ्या उतरल्या, सरकारी दूध योजना खंगत गेल्या, आणि २०२४ साली राज्याचा 'महानंद' संघही राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या हाती गेला. हेच मंडळ विदर्भ-मराठवाड्यात मदर डेअरीमार्फत दूध गोळा करते. पैसे थेट खात्यात येतात. एकाधिकार खरेदीत कापसाच्या चुकाऱ्यासाठी ज्यांनी खेटे घातले, त्यांना याचे मोल सांगायला नको. पण तिथे आम्ही नुसते दूध घालणारे. मालकी नाही, मतही नाही.

२००६ च्या पंतप्रधान पॅकेजात आमच्या जिल्ह्यांत गाई वाटल्या. सूट-सबसिडीची गाय आली, पण तिने खायचे काय? ज्वारी हटली, सोयाबीन आले, कडबा गेला. कित्येकांनी गाय विकून टाकली. पूर्णाकाठच्या उन्हात टिकणारी आमची पूर्णाथडी म्हैस मात्र कुणाला दिसली नाही.

दुधाचा खरा खर्च चाऱ्यात आणि ढेपेत आहे. सरकी आमच्या कापसातली. ती तेल गिरणीत जाते आणि ढेप होऊन दुकानदाराच्या भावाने आमच्याच गोठ्यात परत येते. गुजरातेत खेडा जिल्ह्याच्या दूध संघाने १९६४ सालीच कंजरीला स्वतःचा पशुखाद्य कारखाना काढला. इकडे जिन एका संघाची, दूध दुसऱ्याचे, आणि दोघांची कधी गाठ नाही. कित्येक सहकारी जिना तर कुलपात आहेत.

आमचे म्हणणे असे की जिन, ढेप, कडबा आणि दूध एकाच संस्थेत आणा. २००३ पासून उत्पादक कंपनीचा कायदा लागू आहे. दहा शेतकरी ती काढू शकतात. सभासद फक्त उत्पादक, शेअर कितीही असले तरी मत एकच. अर्थात, जुन्याच अध्यक्षाला नव्या खुर्चीत बसवले तर पाटी तेवढी बदलेल. कडब्याला भाव मिळाला तर ज्वारी परत पेरली जाईल. (रानडुकरांचा बंदोबस्त हा वेगळा लढा आहे.)

जिल्हा बैठकीला येताना आपल्या तालुक्याच्या सहकारी जिनेच्या जागेचा उतारा, भागधारकांची यादी आणि शेवटच्या लेखापरीक्षणाची प्रत आणा. जिन भाड्याने दिली असेल तर कोणाला आणि किती भाड्याने, तेही लिहून आणा.